पत्राच्या शेवटी ‘येते’

भाद्रपद व. ५, गुरुवार

सैगावहून पार्सल आलं. निघालं ते असं: काळा कोट १. धोतरं २, धुऊन घडी घातलेली. चष्मा, डावी काच तडकलेली. मुंजीतलं पळी-पंचपात्र. फोटो १. पत्र १. कपड्यांच्या घडीत कसली तरी सुकी पानं, कसर लागू नये म्हणून असावीत. वास ओळखीचा नाही. जकात १ रु. ६ आ. टपालवाल्याला १ आ.

सही यांनीच केली. गाठोडं आणून माझ्यापुढे ठेवलं आणि संध्येला बसले. वेळ झाली नव्हती तरी.

वामन गेल्याची तार ज्येष्ठात आली. तेव्हापासून घरात नाव निघत नाही. त्याच्या आधीची चार वर्षं, तिकडच्या बाईशी लग्न केल्याचं त्यानं कळवलं तेव्हापासून, नुसतं ‘तो’ होतं. पत्रांना उत्तरं यांनी लिहू दिली नाहीत, मीही हट्ट धरला नाही. एकुलता एक मुलगा. चेट्टींच्या पेढीवर हिशेब लिहायला म्हणून समुद्रापलीकडे सैगावला गेला होता.

पंचपात्र लखलखीत आहे. चिंच लावून घासलेलं. म्हणजे तिकडे चिंच असते.

फोटोत ती खुर्चीवर बसली आहे, अंगात बंद गळ्याचा लांब अंगरखा. मांडीवर मुलगी. मुलीचे कान आमच्या घरचे.

भाद्रपद व. ७, शनिवार

पत्राची लिपी इंग्रजीची, भाषा कुठली कोण जाणे. मी मॅट्रिक झालेली बाई. एकेक अक्षर लागतं, शब्द एकही नाही. अक्षरांवर टोप्या, शेंड्या, पोटाखाली ठिपके. लहानपणी वामनची पाटी मुंग्या चालल्यासारखी दिसायची, तसं.

‘Vaman’ एवढं वाचता आलं. एकदाच आलंय.

यांना दाखवलं. “फ्रेंच असेल,” म्हणाले आणि पंचांग उघडलं.

पक्ष चालू आहे. वर्ष झालं नाही म्हणून यंदा त्याचं पान मांडायचं नाही. स्वयंपाक करताना हात आपोआप एक पान जास्त घेतो.

भाद्रपद व. ९, सोमवार

दूधवाली सिद्दम्मा म्हणाली, लष्कर मोहल्ल्यात अंतोणी शिंप्याची आत्या आहे, पुष्कळ वर्षं सैगावला फ्रेंच साहेबाकडे आया होती. दुपारी गेले. छत्री घेतली, टांगा नाही केला.

सेलीनम्मा. पाँडिचेरीकडची तमिळ किरिस्ताव. दात थोडे, आवाज मोठा. ती उंबऱ्याच्या आत, मी बाहेर पायरीवर. पाणी तिनं विचारलंच नाही. “तुम्ही लोक घेत नाही, गोत्तु, ठाऊक आहे मला. सावली तरी चालते ना? इकडं सरका.”

ती तिकडच्या किरिस्तावांच्या देवळातल्या पुस्तकावरून ही अक्षरं शिकलीय. बोट ठेवून मोठ्यानं वाचलं आणि तोडक्या कानडीत सांगितलं. घरी येऊन मराठीत उतरवून ठेवते:

‘आईबाबांना मूल लान लिहिते. वामनच्या वस्तू पाठवल्या आहेत. कोटाचं अस्तर फाटलं होतं ते मुलानं पुन्हा शिवलं. मूल काही मागत नाही. येन तीन वर्षांची झाली. बापानं तिला सांगितलं होतं की बा नोयच्या गावात राजा हत्तीवर बसतो. ती विचारते, बा नोयपण हत्तीवर बसते का. मुलाला काय सांगावं कळत नाही.’

“हे मूल कोण?” मी विचारलं. मला वाटलं दुसरं एखादं आहे.

“अय्यो, ती स्वतः! अनामी लोकांत, म्हणजे तिकडच्या माणसांत, आपल्यासारखा ‘मी’ नसतो, अम्मा. आईशी बोलताना मी म्हणजे ‘कोन’. कोन म्हणजे मूल. धाकटीशी बोलताना मी म्हणजे ताई. समोरच्याचे आपण कोण लागतो ते आधी ठरवायचं, मग तोंड उघडायचं.”

“आणि बा नोय?”

“बापाची आई. तू! नोय म्हणजे आतली. आईची आई ती बाहेरची आजी, बापाची आई ती आतली.”

मी तिच्या पायरीवर बाहेर बसून हे ऐकत होते.

घरी येऊन डोक्यावरून आंघोळ केली. नेहमीसारखीच.

भाद्रपद व. १२, गुरुवार

ज्येष्ठात पेढीवाल्यांचं जे पत्र आलं होतं ते काढून वाचलं. इंग्रजीत आहे. घरचं कोणी यायचं असल्यास पाँडिचेरीहून बोटीत आमच्या माणसांबरोबर सोय करू, सोवळ्याचा शिधा बरोबर नेता येतो, असं साफ लिहिलंय. तेव्हा मी ते वाचून हिशेबाच्या कागदांत लावून टाकलं. समुद्र ओलांडायचा! विचारसुद्धा केला नाही.

यांना म्हटलं, ती भाषा थोडी शिकते.

“कशाला?”

“पत्र वाचायला.”

नको म्हणाले नाहीत. हो पण नाही.

सेलीनम्मा पैसे घेत नाही. चटणीपूड मागते. “तुमची बामणांची, खोबरं घातलेली.” आठवड्याला एक वाटी. परवडेल.

अश्विन शु. ४, गुरुवार

नवरात्र, पण वर्षाच्या आत म्हणून इकडच्या चालीच्या बाहुल्या मांडल्या नाहीत. पेटी माळ्यावरच. संध्याकाळी हळदीकुंकवाला जायचं नाही, म्हणून वेळ मिळतो.

आजवर शिकलेलं: आन कोम चुआ, म्हणजे जेवलात का. रस्त्यात भेटलं तरी हेच म्हणतात. आपलं कानडीतलं ‘ऊट आय्ता’च की! कोम म्हणजे भात. नुओक म्हणजे पाणी. खोंग म्हणजे नाही. आन चाय म्हणजे मासेमांस न खाणं. (हे पहिल्यांदा पाठ केलं.) ताव म्हणजे बोट. बेन ताव, बोटीचा धक्का.

सेलीनम्माची भाषा सगळी बाजारातली आणि पाळण्याजवळची. ‘महाग आहे’, ‘सडकं देऊ नको’, ‘दूध गरम आहे’, ‘रडू नको बाळा’. “मोठ्या माणसांशी मी बोललेच नाही,” म्हणते.

अडचण आहे ती आवाजाची. एकच अक्षर वर म्हटलं तर एक, खाली म्हटलं तर दुसरं. सरळ ‘तोय’ म्हणजे मी. त्यालाच वर उचललं की ‘येणे’. (आपल्यात तोय म्हणजे पाणी. पाण्यावरूनच यायचं.) मी सगळं एका सुरात म्हणते. सेलीनम्मा कपाळावर हात मारते. “अम्मा, तू भाजी चिरल्यासारखं बोलतेस!”

आज युक्ती सुचली. यांच्या संहितेच्या पोथीत स्वरांच्या रेघा असतात, खाली आडवी आणि वर उभी. तशाच या शब्दांना दिल्या. वर जाणाऱ्याला उभी, पडणाऱ्याला खाली आडवी, सरळ त्याला काही नाही. लगेच जमायला लागलं.

मग वाटलं, हे बरं केलं का. वेदाच्या खुणा मासे खाणाऱ्यांच्या भाषेला. देवापुढे तुपाची वात जास्तीची लावली.

अश्विन शु. १०, बुधवार. दसरा

तोफा ऐकल्या. गल्ली सगळी राजाची सवारी बघायला गेलेली. आम्ही दोघंच घरी.

वामन पाच वर्षांचा असताना यांनी त्याला खांद्यावर घेतलं होतं, देवराज मोहल्ल्याच्या कोपऱ्यावर, तासभर. हत्ती पुढे गेला तरी उतरेना.

आज हे म्हणाले, “हत्ती गेला असेल आता.” कोणाला उद्देशून नाही.

अश्विन शु. १२, शुक्रवार

पत्राचं उत्तर लिहिलं. सेलीनम्मा सांगेल तसं मी अक्षर अक्षर काढलं. हात दुखला. टोप्या आणि ठिपके तिनं शेवटी दिले, मिठासारखे.

मजकूर: वस्तू पोचल्या. पंचपात्र स्वच्छ होतं. येनची तब्येत कशी. मला तुझी भाषा थोडी येते, मी शिकते आहे. राजा हत्तीवर बसतो हे खरं. मी बसत नाही.

सुरुवातीलाच अडलं. ‘मी’साठी कुठला शब्द? मी तोय म्हटलं.

“तोय?” सेलीनम्मा ओरडलीच. “ते मासळीवालीला म्हणायचं! सुनेला ‘मा’ म्हण. मा, आई.”

मी म्हटलं, यांना विचारलेलं नाही.

“त्यांना काय विचारायचं? पोरीला आई म्हणवून घ्यायला परवानगी लागते?”

बराच वेळ पेन तसंच धरून बसले. शाईचा थेंब पडला. मग तोयच लिहिलं, सगळीकडे. पुढच्या पत्रात बघू, असं मनात म्हटलं.

“शेवट काय?” तिनं विचारलं.

“निघताना म्हणतो तेच. येते, म्हणून लिही.”

“सरी, बरं. वरेन.” ती पण तमिळमध्ये तेच म्हणते. तिनं सांगितलं, मी लिहिलं: तोय तोय. दुसरा तोय वर उचललेला. आम्ही दोघी हसलो, पोपट बोलल्यासारखं वाटतं म्हणून. किती दिवसांनी हसले.

पायरीवरून उठताना मी कानडीत तेच म्हटलं, “बरतेनी.” ती म्हणाली, “वा, अम्मा.” म्हणजे ये.

टपाल हशील अडीच आणे.

अश्विन व. ११, शुक्रवार

एकादशी. निर्जळी जमली नाही, पाणी घेतलं.

‘मा’ लिहायला हवं होतं, असं दिवसभर वाटतंय. पत्र आता मद्रासपलीकडे गेलं असेल.

कार्तिक शु. १२, शनिवार

तुळशीचं लग्न यंदा नाही. वृंदावन सारवलं तेवढंच.

शब्दांचा कागद देवघराच्या कोनाड्यात राहिला होता. पूजा आटोपून यांनी तो उचलला. रेघा दिसल्या, तशी सवयीनं वाचायला लागले. “बा नोय.” दोन्ही अक्षरं खाली पाडून, दुसरं जरा जोर देऊन तोडलेलं. थेट सेलीनम्मासारखं! मला दीड महिना झाला, इतकं साफ एकदाही आलेलं नाही.

“हे कुठलं?” मला विचारलं. “कुठल्या शाखेचं?”

माझ्या तोंडातून निघून गेलं, “तुमच्या नातीच्या.”

कागद होता तिथे ठेवला. विहिरीवर जाऊन पुन्हा आंघोळ केली. जेवताना ताक मागितलं ते खुणेनं.

असं बोलायला नको होतं. पण कान भरून ऐकलं, तेही खरं. या घरात तिच्यासाठीचा शब्द बरोबर म्हणणारं पहिलं माणूस तेच.

मार्गशीर्ष शु. ७, बुधवार

शेजारच्या राधक्कानं अखेर विचारलंच. तिला सगळं ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून विचारते.

“सैगाव म्हणजे साताऱ्याकडे का हो?”

“नाही. समुद्रापलीकडे.”

“अय्यो! आणि नात आहे म्हणे. हेसरु एनु?”

“येन.”

“तेच विचारते, नाव काय?”

“येन.”

“एन् अंदरे एनु, काय म्हणजे काय, अक्का? नाव सांगायचं नसेल तर सुम्ने गप राहा की!” रुसून निघाली. नातीचं नाव कानडीत ‘काय’ होतं त्याला मी काय करू. परत बोलावून समजावलं. येन हा एक पक्षी आहे, पाकोळीसारखा, दूर जातो नि घरट्याला परत येतो. मग पोट धरून हसली. हसता हसता रडायला लागली. वामनला तिनं अंगाखांद्यावर खेळवलेला.

ओसरीवर हे होते. ऐकलं असणार. येनचा अर्थ त्यांना आज कळला.

उत्तर अजून नाही.

पौष शु. ९, शनिवार

पत्र आलं. वाटेतच फोडलं, लष्करात पोचेपर्यंत धीर धरवला नाही.

सगळं नाही कळलं, पण कळलं ते पुरे झालं. पहिल्या ओळीत ‘तोय’ होतं, माझ्याच पत्रातलं, तिनं पुन्हा लिहिलेलं. पुढे ‘तोय तोय’. पुढे ‘बेन ताव’. पुन्हा ‘बेन ताव’. मग ‘बा नोय’. रस्त्यात उभी राहिले. बैलगाडीवाला ओरडला, “अम्मा, बाजूला व्हा!”

सेलीनम्मानं वाचलं. तिचाही आवाज पुढे पुढे बारीक झाला.

‘बाईंना मूल लान लिहिते. पत्रात बाईंनी स्वतःला तोय म्हटलं आहे. म्हणजे राग आहे, मुलाला समजलं. पण शेवटी लिहिलंय, येते. रागातही येते म्हणाल्या, म्हणून आम्ही धक्क्यावर आलो. पाँडिचेरीची बोट लागली त्या दिवशी आलो. तुम्ही नव्हता. पुढच्या बोटीलाही आलो. येन साडीतली कुठलीही म्हातारी उतरली की बा ओय, बा नोय ओय, म्हणून हाका मारते. एका तमिळ आजीनं तिला केळं दिलं. आता ती म्हणते, तीच होती, आपण ओळखलं नाही. तुम्ही वाटेत आजारी पडलात का? तुमच्या बोटीचं नाव काय? पाऊस लागण्याआधी मुलाला आपल्या आईच्या गावी जावं लागेल, नदीनं वर. पेढी घरभाडं तेव्हापर्यंतच देणार. आईला लावणीसाठी हात हवे आहेत. तोवर पाँडिचेरीची बोट आली की आम्ही येत राहू.’

तिनं पत्राची घडी घालून मला परत दिलं.

“त्यांच्यात येते म्हणजे येते,” सेलीनम्मा म्हणाली. “जाताना जाते म्हणतात, किंवा घरी परतते. मला ठाऊक होतं, अम्मा! तिथं वीस माणसांना रोज ऐकायची. पण तू येते म्हणालीस, मी वरेन ऐकलं. मला वेगळं काही वाटलंच नाही.”

“मग काय लिहायला हवं होतं? जाते?”

“छी! असं कोण लिहितं!”

मराठीत येते, कानडीत बरतेनी, तमिळमध्ये वरेन. आमच्यात निघणाऱ्यानं ‘जाते’ म्हणायचंच नाही, अशुभ. तोंडात बसलेलं. स्टेशनवर वामनही ‘येतो’ म्हणूनच चढला होता. मी म्हणाले, ये.

सगळ्या पत्रात ‘मी’ तेवढा परका लिहिला. माया म्हणून एकच शब्द होता, शेवटचा, तोही सवयीनं गेलेला. तिनं तोच धरला.

उठताना काय म्हणावं कळेना. काही न म्हणता उठले. सेलीनम्मानंही काही म्हटलं नाही.

पौष शु. १०, रविवार

पत्र यांना मराठीत वाचून दाखवलं. परवानगी मागितली नाही. ओसरीवर समोर बसून वाचलं.

संपल्यावर म्हणाले, “म्हणजे पोर उन्हात उभी होती.”

एवढंच. मग उपरणं घेऊन बाहेर गेले. दिवे लागले तरी आले नाहीत. आले तेव्हा पायाला चामुंडीच्या डोंगराच्या पायऱ्यांवरची माती होती. या वयात.

दुपारी समोरच्या घरची बाई पोराला जेवायला बोलवत होती. “बा मगा, बा!” कानडीत बा म्हणजे ये. इतकी वर्षं रोज कानावर पडणारा शब्द. आज हातातलं भांडं खाली ठेवावं लागलं. ती पोर तिकडे धक्क्यावर ‘बा, बा’ करून ओरडते. तिला ठाऊक नाही, ती आमच्याच गावच्या भाषेत बोलावते आहे.

पौष व. ३, सोमवार

कावेरीकाठी सोसल्याला जाऊन आले. माझ्या मामांना विचारायला. वय झालं, दिसत नाही, पण शास्त्रार्थ तोंडपाठ. सगळं सांगितलं. तोय तोय पण सांगितलं. त्यांनी ते दोनदा म्हणवून घेतलं.

मी विचारलं, समुद्र ओलांडला तर?

“परत आल्यावर काय करायचं ते सांगतो. पंचगव्य आहे, उपोषणं आहेत, नदीत स्नान आहे. तुला जड नाही. अर्धी वर्षं तू उपाशीच असतेस.”

“आणि नाही गेले तर?”

“त्याचं काही लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. शोधलं असतं, पण आता डोळे चालत नाहीत.”

मामी आतून म्हणाली, “जायचं तर उडदाचे पापड घेऊन जा. बोटीवर मळमळतं म्हणतात.” कधीही सोसल्याबाहेर न पडलेली बाई!

कावेरीत पाय बुडवले. पाणी गार होतं. ‘तोय’ म्हटलं, सरळ. मग वर उचलून म्हटलं. दोन्ही बरोबर आले. ऐकायला कोणी नव्हतं.

माघ शु. ५, गुरुवार

संध्या झाल्यावर हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे. कधी येत नाहीत.

“तो कागद कुठे आहे?”

दिला. मी तांदूळ निवडत राहिले. ते कागद वरून खाली बघत होते.

“यात आजोबांचं नाही.”

सूप खाली ठेवलं. सांगितलं, “ओंग नोय. ओंगला रेघ नाही. नोय खाली.”

“ओंग नोय,” म्हणाले. “ओंग. ओंकारच की हा.” पुन्हा म्हणाले. बरोबर. त्यांचा स्वर चुकत नाही कधी.

मग, “पाँडिचेरीपर्यंत मी सोडायला येतो. पुढचं तिथे गेल्यावर बघू.”

म्हणजे माझं जाणं मान्य, की पाँडिचेरीला गेल्यावर परत फिरवतील, की स्वतःही चढतील, काही कळलं नाही. विचारायचा धीर झाला नाही. विचारलं तर ‘नको’ निघायचं.

कोट बाहेर दोरीवर होता इतके दिवस. आज यांनीच आत आणला. अस्तरावरचे टाके बघत होते. बारीक आहेत, एकसारखे. “हात चांगला आहे,” म्हणाले. कुणाचा ते म्हणाले नाहीत.

माघ शु. ७, शनिवार. रथसप्तमी

सूर्यासमोर दूध उतू जाऊ दिलं. मग लष्करात गेले. अंतोणीनं मशीन थांबवून स्टूल पुढे केलं. आज उंबऱ्याच्या आत बसले. सेलीनम्मा बघत राहिली, मग म्हणाली, “पाणी देऊ?” मी दे म्हटलं. पितळी लोटा होता, राखेनं घासलेला. घरी येऊन आंघोळ केलीच. कशासाठी, ते नक्की सांगता येत नाही. सवय.

पत्र लिहिलं. या वेळी ‘मा’. सगळीकडे मा, वर उभी शेंडी देऊन. शेंड्या माझ्या मीच दिल्या. ‘तू बाई म्हणू नकोस, कोन लिहितेस तसंच लिही, समोर मा लिही.’

तोय लिहिलं ते चुकलं, हे लिहिलं. शेवटचा शब्द आमच्याकडे निघतानाचा आहे, यायचा नव्हे, हेही लिहिलं. हे वाक्य लिहिताना हात थांबला. किती कोरडं दिसतं ते कागदावर. म्हणजे इतके दिवस त्या दोघी नुसत्या चालीरीतीपायी धक्क्यावर गेल्या. सेलीनम्मा म्हणाली, खोडू या का. मी म्हटलं, राहू दे. खोटं एकदा झालं तेवढं पुरे.

पुढे: केळं देणारी ती आजी मी नव्हते, पण येनला तिची आठवण राहू दे. ओंग नोय तुमचे शब्द माझ्याहून बरोबर म्हणतात. पेढीवाल्यांना बोटीबद्दल आजच लिहिलं आहे. बोटीचं नाव आणि दिवस हातात आल्याशिवाय येनला धक्क्यावर आणू नकोस. ऊन लागतं. तू आईकडे जाणार त्या गावाचं नाव, नदीनं किती वर, तिथे बोट जाते का, सगळं लिही.

पाऊस तिकडे कधी लागतो ते सेलीनम्माला नीट आठवत नाही. कधी म्हणते वैशाखात, कधी ज्येष्ठात. हे पत्र पोचायचं, ते यायचं, मग आमचं निघायचं. बोटांवर मोजून बघितलं. फार कमी दिवस आहेत.

“शेवट काय?” तिनं विचारलं, तेव्हासारखंच.

तोय तोय आता नुसतं लिहिता येत नाही. लिहिलं तर ती पोर पुन्हा जाऊन उभी राहील. जाते तर लिहायचं नाहीच. पत्राला शेवटच नाही, असं पत्र कसं बंद करायचं?

अखेर सेलीनम्माच्या बाजारी अनामीत जेवढं बसलं तेवढं लिहिलं, आणि खाली ‘येते’ची जागा मोकळी सोडली:

‘लान, मा वाट बघते. येनला विचार, बा नोयनं येताना काय आणायचं. उलट टपाली कळव.’